लाल फाइल आणि तुमचा जुना नंबर

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? मी अजून नोकरीत आहे, पण त्यात तुमचा काडीचा हात नाही, हे आधीच सांगतो.

मंगळवारी सकाळी दहाला इस्पितळातले सगळे फोन एकदम मुके झाले. टेलिफोनच्या खोलीत मी एकटा. तरी डगमगलो नाही, कारण सात वर्षांपूर्वी निवृत्त होताना तुम्ही ही खुर्ची माझ्या हवाली केलीत, तेव्हा लाल फाइलही दिली होतीत: ‘फोन बंद पडल्यास काय करावे’. पान पहिलं: ‘ताबडतोब बारा नंबरच्या एक्स्टेन्शनवर फोन करावा.’ अहो मामा, फोन बंद पडले म्हणून तर फाइल उघडली ना! (हे लिहिताना तुमचं लक्ष होतं कुठे?) पान दुसरं: ‘शेजारच्या खोलीतल्या राखाडी कपाटात जादा यंत्र आहे.’ त्या खोलीत आता व्यायामोपचार चालतात. मी तरातरा आत शिरलो, तर मान ताणायच्या पट्ट्यात अडकवलेले एक आजोबा मला पाहून म्हणाले, “सोडवा हो लवकर!” कपाटाचा पत्ता नाही. पान तिसरं: ‘काहीच न जमल्यास मला फोन करावा’ आणि खाली तुमचा नंबर. मोबाइलवरून लावला, तर एका शिंप्याने उचलला. मी घसा फोडून आपत्ती समजावली, तो म्हणाला, “गुरुवारी या, काजं-बटणं राहिलीत.”

तोवर मेट्रनबाई चिठ्ठ्या घेऊन जिने चढत-उतरत होत्या आणि मोठे डॉक्टर माझ्या डोक्यावर येऊन उभे होते. चार तासांनी कंपनीचा मेकॅनिक आला, तेव्हा फोन वाजले. डॉक्टरांनी बजावलंय, फाइल जुनी का, याचा लेखी खुलासा आणि नवी फाइल सोमवारपर्यंत दिली नाही तर मी घरी बसणार. चूक तुमची आणि गळा माझा! माझा अगदी तिळपापड झाला आहे.

तुमचा संतापलेला भाचा

ता. क. फाइलच्या शेवटच्या पानावर दर तीन महिन्यांनी ‘तपासली, अद्ययावत आहे’ अशी सही लागते. अठ्ठावीस सह्या आहेत. सगळ्या माझ्या. (ते पान मागून उघडतं, त्यामुळे पुढची पानं पाहण्याचा प्रसंग आला नाही.)

आणखी एक. आत्ता फाइल झटकली, तर तुमचं पाच वर्षांपूर्वीचं पाकीट पडलं. वर तुमच्या अक्षरात: ‘नंबर बदलला आहे, ताबडतोब फाइलला लावणे.’ मी ताबडतोब लावलं होतं. फोडलं मात्र आज. नवा नंबर मिळाला, पण फोन करायचं तोंड नाही, म्हणून हे पत्र. मामा, शनिवारी या आणि नवी फाइल लिहून द्या. सही मी करतो.