सुपारीच्या पोत्यांसाठी गाडी

चौल,
कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी

ती. बायजाआत्यास,

हर्षदचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. (माझे गुडघे अजून टेकतात, एवढीच काय ती घरातली चांगली बातमी.) तुझी तब्येत कशी आहे, खोकला गेला का, तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली का, सगळं कळव. तुमच्या वाडीत फोनला रेंज नाही, म्हणून हे पत्र दूध घेऊन येणाऱ्या धर्माच्या हाती देतोय. तुला हल्ली अक्षर लागत नाही, तेव्हा अंगणवाडीच्या तेजस्वीताई वाचून दाखवतील. (तेजस्वीताई, नमस्कार. कंसातला मजकूर फक्त तुमच्यासाठी आहे, तो मनात वाचायचा. वरचा गुडघ्यांचा कंस मोठ्याने वाचला असेल तर हरकत नाही, पण इथून पुढे सांभाळा.)

पत्रास कारण की, आम्ही गाडी घेतोय. सुपारीची पोती वाहायला. दुसरं काहीएक कारण नाही. (कारण दुसरंच आहे. आत्याचा मोतीबिंदू पिकलाय. तुमच्या अंगणवाडीत तपासायला आलेले अलिबागचे डॉक्टर म्हणाले, दिवाळीच्या आत ऑपरेशन करून घ्या, आणखी लांबलं तर अवघड होईल. खिंडीपासून तुमच्या वाडीपर्यंत तीन किलोमीटर तांबडा चिखल आणि मध्ये ओहोळ. तेवढं तिला चालवत नाही, आणि डोलीत ती बसत नाही. आतोबांना डोलीतून खाली नेलं ते परत वर आलेच नाहीत. तेव्हापासून तिचं एकच, "डोलीत बसलेला मानूस परत चालत येत न्हाय." म्हणजे गाडीच तिच्या दारात न्यायला हवी. पण गाडी तुझ्यासाठी घेतोय असं नुसतं म्हटलं, तरी ती 'माझ्यापायी खर्च नको' म्हणून दार लावून घेईल. म्हणून सुपारी.)

गाडी घेणं म्हणजे शोरूममध्ये जायचं आणि गाडी घेऊन यायचं, अशी माझी आपली भाबडी समजूत. तिथला सुजित म्हणून एक विक्रेता आहे, तो म्हणाला, आधी ठरवा, चारही चाकांनी ओढणारी हवी की दोनच चाकांनी. मी म्हटलं, बाबा रे, चार चाकांचे पैसे घेतोस तर त्यातल्या दोघांनी बसून का खावं? हे माझं उत्तर मला फारच आवडलं. पण परत येताना तुझ्या सुनेने, मृणालने विचारलं, मला वर्षातले अडीचशे दिवस अलिबागला शाळेत शिकवायला जायचंय, डोंगर किती दिवस चढायचा? मी म्हटलं, चार. तिथून माझ्या डोक्याचं जे भजं झालं ते आजतागायत.

पहिली पाहिली ती मोठी. उंच, चौकोनी, मागून पाहिली तर कपाट. तिला नेहमीच्या गिअरशेजारी आणखी एक दांडा असतो, तो ओढला की ती सावकाश पण हट्टाने चढते. सुजित मागे बसला, स्टिअरिंग मृणालच्या हाती आणि माहितीपुस्तक माझ्या हाती. पुस्तकात छापलं होतं की गाडी दीड फूट पाण्यातून जाते. आमच्या आळीतून जाते का, हे छापलेलं नव्हतं. तुला माहीतच आहे, एकीकडे बाळाजीकाकांची चिऱ्याची भिंत, दुसरीकडे आमची विहीर आणि मध्ये ते काटकोनातलं वळण. गाडी वळणात शिरली आणि तिथेच राहिली. आळी जमली. डावीकडचे "येऊ दे, येऊ दे" म्हणत होते, उजवीकडचेही तेच म्हणत होते, आणि दोघांकडे यायला गाडी एकच. मी मागे उभा राहून दोन्ही हातांनी खुणा करत होतो. (मृणालचं म्हणणं, त्या खुणा गाडीसाठी होत्या की माश्या हाकलायला, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.) शेवटी चार चिरे गेले. बाळाजीकाका त्यातल्याच एका चिऱ्यावर बसले आणि म्हणाले, ही भिंत माझ्या लग्नाच्या वर्षी बांधली, तेव्हापासून इथे बैलगाड्या वळतायत, त्यांना कधी दांडा ओढावा लागला नाही. मी उरलेले तीन चिरे उचलून बाजूला रचले.

त्याच गाडीने तुझ्याकडे आलो. खोटं का बोला, खिंडीनंतर ती अशी चढली की मी पुस्तक मिटून ठेवलं. ओहोळाचं पाणी तिने मोजलंसुद्धा नाही. फक्त आतल्या माणसाचे हाल विचारू नयेत. तुझ्या अंगणात उतरलो तेव्हा मी इंचभर तरी आखूड झालो होतो. तू बाहेर आलीस, गाडीला हात लावून पाहिलास. मी दार उघडलं आणि म्हटलं, बघ तर बसून. तू दाराची दांडी धरलीस आणि पाय उचललास. निम्म्यावर आला, थांबला आणि परत खाली गेला. "छान हाय गाडी," म्हणालीस आणि चहा ठेवायला आत गेलीस. (ताई, ती पायरी जमिनीपासून अठरा इंच आहे. मी पुस्तकातले सगळे आकडे पाठ केले होते, आणि नेमका हाच त्यात नव्हता. मला फार वाईट वाटलं.)

पुढच्या आठवड्यात छोटी आणली. तिच्यात खुर्चीवर बसावं तसं बसता येतं, आळीत ती मुकाट्याने वळते, अलिबागच्या बाजारात मृणालने ती दोन टेम्पोंच्या मधल्या फटीत लावून दाखवली. मला वाटलं, सुटलो. तशीच दामटली तुझ्याकडे. ओहोळातल्या पहिल्याच दगडाला तिचं पोट टेकलं. पुढची चाकं गरागरा फिरतायत, मागची दोन शेजाऱ्यासारखी नुसती बघतायत, आणि सगळा चिखल माझ्या तोंडावर. (मी ढकलायला म्हणून उतरलो होतो, पण पुढच्या बाजूला. गोंधळात असं होतं.) भात कापायला आलेल्या बायकांनी हात लावून ती बाहेर काढली, तीही मागच्या मागे. त्यातल्या एकीने विचारलं, बायजाकडं निघालाव काय? मी म्हटलं, नाही, सुपारी आणायला. ती म्हणाली, वर सुपारी हाय कुठं? (हे आत्याच्या कानावर गेलं असेल तर कृपा करून सांभाळून घ्या. थोडक्यात सांगायचं तर जी गाडी तिच्या दारात पोचते तिच्यात तिला चढता येत नाही, आणि जिच्यात चढता येतं ती दारात पोचत नाही.) सुपारीच्या दृष्टीने ही फारच अडचण झाली.

सुजितने मग तिसरी काढली, मधली. हिला एक गोल बटण, ते फिरवायचं म्हणजे गाडी आपली वागणूक बदलते. त्यावर चिखल, वाळू आणि बर्फ. मी विचारलं, बर्फ कशाला, आमच्याकडे बर्फ फक्त मासळीच्या पेटीत असतो. तो म्हणाला, असू द्या सर. मृणालने विचारलं, खड्डे कुठल्या खुणेवर? तो म्हणाला, खड्ड्यांना नॉर्मल. ओहोळ पार होईल का? पाणी कमी असेल तर होईल. पायरी किती उंच? मधली. चढायला जमेल का? त्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला आणि म्हणाला, सर, पोती आपणच चढवायची ना? (त्यालाही मी सुपारीच सांगितली होती. एकदा खोटं बोललं की ते नीट सांभाळावं लागतं.)

शेवटी मीच शास्त्रीय पद्धतीने जायचं ठरवलं. घरातले पाट एकावर एक रचून तिन्ही गाड्यांच्या पायऱ्या तयार केल्या आणि नवरात्रात कुंकवाला आलेल्या आळीतल्या म्हाताऱ्यांना त्यावर चढायला लावलं. काशीकाकू, वय अठ्ठ्याहत्तर, मोठीच्या पायरीवर टुणकन चढल्या, वर पोचल्यासारखं फळीवरचा मुरांबा काढून घेतला आणि पहिल्या आल्याबद्दल तो घरी नेला. त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या दोघी पहिल्या पाटावरच बसल्या आणि उठेनात. एकीचा गुडघा दुसरीला लागू पडत नाही, एवढंच त्यातून निघालं. दीड महिना हे चाललंय. जेवताना मी भात चिखलासारखा पसरतो आणि चमचा त्यातून नेऊन बघतो, असं मृणाल म्हणते. (हे खरं आहे. आमटी घातली की चमचा रुततो.)

असो. कोंबडीचं कळव. पोरांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, आणि ज्या बायकांनी गाडी ढकलली त्यांना दोन्ही.

तुझा,
हर्षद

ता. क. (तेजस्वीताई, सगळं पत्र खरं म्हणजे या एका कामासाठी लिहिलंय. आत्या उंबरठा ओलांडते तेव्हा तिचा पाय किती वर येतो, ते तिला न कळता बघा. टेप नको, ती ओळखेल. वीत आणि बोटं चालतील. चिठ्ठी धर्माकडे द्या.)

आणखी ता. क. हे मोठ्याने वाचा. वरचं लिहून झालं आणि माझी मलाच लाज वाटली. आत्या, सुपारीची पोती खोटी. गाडी तुझ्या डोळ्यांसाठी घेतोय. दीड महिना मी सुजितला विचारलं, आळीला विचारलं, पाटांना विचारलं. तुला तेवढं विचारलं नाही, कारण तू नाही म्हणालीस तर पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. त्या दिवशी पाय खाली ठेवलास तो गुडघ्यामुळे की तुला यायचंच नाही म्हणून? ते सांग. येशील का?

पाकीट चिकटवायच्या आधी मृणालचा नमस्कार. आत्या, यांना गाडी चालवता येत नाही, लायसन्सही नाही, तेव्हा वरचं फार मनावर घेऊ नका. चालवणार मी आहे. मोठी घेतली, कालच. शाळेलाही तीच नेईन, कंबर धरली तर धरली. बाळाजीकाका भिंत हातभर मागे घेऊन बांधतायत, त्यांनीच म्हटलं. यांना दोनदा सांगायला गेले, तर हे पाट रचत होते. सोमवारी सकाळी नऊला येते. मंगळवारी ऑपरेशन, पुढच्या सोमवारी तपासणी झाली की मीच परत आणून सोडते. यायचं नसेल तर मला तोंडावर सांगा, मी रागावणार नाही. तुम्ही चहा ठेवायला आत गेलात तेव्हा मी तुमचा दारापुढचा ओटा मोजला. मधली पायरी धरून तोही अठरा इंचच आहे. गाडी अगदी ओट्याला लावून उभी करते. पाय उचलायचा नाही, नुसता पुढे टाकायचा.