हाताला तेल

जयगड, एप्रिल २००५

प्रिय अस्लमभाई,

पत्र लिहायला बसलो की जेटीवरून कुणीतरी हाक मारतं आणि मी निघतो, असं करत ईदपासून टाळलं. तुझं जहाज फोनला सापडत नाही, आणि सातवीपर्यंतच्या मराठीत एवढं सगळं मांडायचं म्हणजे मला घाम फुटतो. मधे मालवणला गेलो होतो, तिथे एका माणसाने घोरपड पाळलीय... ते राहू दे, आधी आपली कुलसुम.

तू गेलास तेव्हा तिचा चेहरा सुजलेला असायचा, लघवीला फेस यायचा. रक्तातले पांढरे शिपाई, राखणीला ठेवलेले, तेच तिच्या किडनीवर चालून जात होते. मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका नव्या औषधाची चाचणी चाललीय, खात्री देत नाही. आपल्या बहिणीने ऐकून घेतलं आणि सही ठोकली. औषध करतं काय, असं मी विचारलं. तर म्हणे शिपाई आधी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, मगच आत घुसतात. औषध त्यांना चिकटूच देत नाही. मी अम्मीला सांगितलं, फणस फोडताना चीक धरू नये म्हणून आपण हाताला खोबरेल लावतो ना, तसंच.

अम्मीने ते शब्दशः घेतलं! पुढच्या खेपेला निघताना तिने कुलसुमला खांद्यापासून बोटांपर्यंत खोबरेल चोपडलं. इस्पितळात सुई लागली, पण वरची पट्टी काही चिकटेना. नर्स वैतागली, ‘पेशंट आणलाय की तळायला काढलेली सुरमई?’ अम्मी ताठ मानेने म्हणाली, ‘तुमचंच औषध बाई, आम्ही घरूनच लावून आणलंय.’ डॉक्टरीणबाई हसून हसून खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, ‘अम्मा, तेल बरोबर, फक्त पोरीला नाही, शिपायांच्या हाताला लावायचं!’ आता वॉर्डात त्या औषधाला सगळे ‘अम्माचं तेल’ म्हणतात.

आणि लागू पडलं, भाई! फेस गेला, सूज गेली. परवा कुलसुम दीपगृहाची चढण माझ्यापुढे चढून गेली आणि वरून ओरडली, ‘ये की म्हाताऱ्या!’

आता ज्यासाठी लिहितोय ते. जाण्याआधी तू रक्त तपासायला दिलंस, त्यात तुझी किडनी तिला जुळते असं कळल्यावर तू निरोप धाडलास की करार मोडून येतो, एक काढून द्या. भाई, येऊ नकोस. बाई म्हणाल्या, तपासण्या चालू ठेवायच्या, पण किडनी बदलायची गरज आज उरली नाही. तुझ्या दोन्ही तुझ्याकडेच ठेव, सुखाने जहाज चालव. कुलसुमने बजावलंय, ‘भाईला सांग, माझी मलाच पुरते.’

थांब, रिक्षा आली वाटतं दारात. कोण एवढं सामान उतरवतंय? अरे देवा, भाई, तूच! तोंड केलंयस ते थेट ऑपरेशनला निघाल्यासारखं, आणि कुलसुम अनवाणी पळत सुटलीय तुझ्याकडे. पत्र हातातच देतो, पण आधी तिचं पळणं बघ.

तुझाच, धापा टाकणारा,
तन्वीर