फळ्यांखालचे मासे

५ सप्टेंबर
पोचले एकदाची नदीकाठच्या चाउडोक गावाला! बसथांब्यावर खिएम सर स्वतः घ्यायला आले होते. मासळीतलं विष कसं शोधायचं ते कॉलेजात त्यांनीच शिकवलं, आता मासे परदेशी पाठवणाऱ्या त्यांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीही त्यांनीच दिली. राहायची सोय नदीवरच्या तरंगत्या घरात. मालकिणीला सगळे सातवी काकू म्हणतात; इकडे नावाऐवजी भावंडांतल्या क्रमाने हाक मारतात. घराच्या मधोमध फळ्यांचं झाकण आहे. ते उचललं की खाली पाण्यात सोडलेल्या जाळ्यात पाळलेले हजारो बासा मासे. मूठभर खाद्य टाकलं की पाणी उकळल्यासारखं होतं. काकू म्हणाली, डोंगरातली पोर ना तू, म्हणून अशी काटकुळी. थांब, तुला या माशांसारखी गुबगुबीत करते.

९ सप्टेंबर
काम आवडलं. मॅलाकाइट ग्रीन नावाचा रंग माशांच्या अंगावरची बुरशी झटक्यात घालवतो. खाणाऱ्याला घातक म्हणून बंदी आहे, पण लोक चोरून वापरतात. पाण्यात तो गर्द हिरवा. माशाच्या अंगात शिरला की रंग टाकतो आणि मांसात दडून बसतो. डोळ्यांना दिसत नाही, शिजवून जात नाही. यंत्रालाच सापडतो. सर सकाळी नमुन्यांच्या पिशव्या आणून देतात, मी मांस वाटते, तपासते, दाखल्यावर सही करते. आजवर सगळे स्वच्छ! सर म्हणाले, थोआ बाळ, तुझा हातगुण.
जेवायला काकूच्या हातचं चिंचेचं आंबट सूप. त्यात रोज ताजा बासा. मी दोन-दोन वाट्या ओरपते.

१८ सप्टेंबर
आज पिशव्या आल्या नाहीत. यंत्र रिकामं होतं, म्हणून सहज काकूच्या जाळ्यातला मासा तपासला. आकडा पाहून वाटलं, माझंच काही चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा तोच आकडा.
काकूच्या जाळ्यातले मासे कंपनीलाच जातात. मग माझ्याकडे येतात ते स्वच्छ मासे कुठले?
आणि मी रोज दोन वाट्या—

१९ सप्टेंबर
सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत, चकितही झाले नाहीत. खिडकीपाशी नेऊन त्यांनी मागचं छोटं तळं दाखवलं. म्हणाले, तुझे नमुने त्यातले, खास तुझ्यासाठी राखलंय. मग अगदी प्रेमाने म्हणाले, परदेशी गेलेल्या प्रत्येक पेटीमागे सही तुझी आहे, बाळ, माझी नाही.
इतक्या हुशार मुली सोडून मलाच का बोलावलं, ते कळलं. मी त्यांच्या शब्दापलीकडे काही विचारणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.
काकूच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. उद्या सरकारी मत्स्य कार्यालयात जाऊन सगळं सांगते, म्हटलं. तिने माझे केस विंचरले. म्हणाली, जा गं लेकी, खरं बोलायला कसली भीती? पण उपाशी झोपू नकोस.

२० सप्टेंबर
ऊन डोक्यावर आल्यावर जाग आली. कालचं सूप कडू लागलं होतं.
घर किनाऱ्याला नाही. कोणीतरी ओढून पुराने फुगलेल्या नदीत मधोमध नांगरलंय. काकू नाही, होडी नाही. किनाऱ्यावरून येणारी वीज तुटली, चार्जिंगअभावी फोन रात्रीच बंद पडलेला. लांबून एक होडी गेली. मी जीव खाऊन ओरडले, हात हलवले. होडीवाल्यानेही हसून हात हलवला.

२१ सप्टेंबर
खाद्याची पोती नेली आहेत. खाली सगळे उपाशी. मी पाऊल टाकलं की त्यांना वाटतं, खायला आलं. मी इकडे, तर ते इकडे. मी तिकडे गेले, तर फळ्यांखाली तिकडे—

२२ सप्टेंबर
पाय वर घेऊन बसले आहे. हलत नाही. तरी धडका. सतत.

दुपार
इंजिनाचा आवाज! सर! थोआ बाळ, घाबरू नकोस, म्हणतात. क्षणभर बरं वाटलं. ओ देणार होते—
काकू आहे सोबत. हळू बोलते, पण पाण्यावरून सगळं ऐकू येतं. पोरीला पोहता येत नाही, म्हणते. हे मी फक्त तिलाच सांगितलं होतं. तेव्हा हात धरून म्हणाली होती, मी आहे ना—
घर कललं. दोघं वर चढले.
झाकण आधी उघडा, सांगते आहे ती. मासे भुकेले आहेत, म्हणजे माझ्या लेकीला फार वेळ त्रास