आप्पांचा डावा हात

१४ जाने.
संक्रांत. वाण घेऊन गेले, तर गल्लीतल्या बायका तिळगुळापेक्षा खाजेबद्दलच जास्त बोलत होत्या. कुणाचे दंड, कुणाच्या पोटऱ्या, सगळ्यांचं कातडं पांढरं, खरखरीत. पाऊस दगा देऊन गेला. आता बोअरचं जड पाणी, साबणाला फेस म्हणून नाही. नवा जिल्हा झाला, लातूरला कलेक्टर आला, ह्यांना कचेरीत खुर्ची मिळाली. नळाला मात्र पाणी नाही ते नाहीच. माहेरी लोह्याला म्हणे विहिरीत अजून थोडं आहे.

१९ जाने.
सकाळी पूजेच्या खोलीतून आप्पांचा आवाज, "शिव शिव". भक्तीचा नव्हे, कळ आल्याचा. सासऱ्यांच्या पूजेत मी कशी जाणार, सासूबाईंना पाठवलं. बाहेर आल्या त्या पदर डोळ्यांना लावून.
"तळवा चिरलाय त्यांचा. लिंगावर पाणी घातलं की आग होऊन राहिली. हात थरथरतो."
आम्हा लिंगायतांत गळ्यातलं इष्टलिंग जन्मभर अंगावेगळं करत नाहीत; पूजेला ते डाव्या तळव्यावर घ्यायचं, तर तळवा सपाट हवा. सपाट केला की भेग उघडते. आज लिंग कलंडलं म्हणे. पडलं नाही.
मलाही लिंग आहे, पण माझी पूजा शाळेत शिकवायला जायच्या घाईत उरकलेली. आप्पांचं तसं नाही. लहानपणापासून पूजेशिवाय पाण्याचा घोट घेतलेला नाही. लिंग हातून पडलं तर हा माणूस पुन्हा जेवायला बसेल असं वाटत नाही.

२० जाने.
करडईच्या तेलाची वाटी आप्पांपुढं केली. किराणा दुकानाचे मालक, तेल डब्यांनी विकतात, अंग मात्र कोरडं ठक्क. उजवा हात दिला. डावा मांडीखाली.
"डाव्याला न्हाई माय. तेलकट हातावरून सटकलं मंजे?"
लावलं नाही तर थरथरून पडणार, लावलं तर सटकून. रागही आला, मायाही.

२५ जाने.
ह्यांनी ओढूनच डॉक्टरकडे नेलं. मीही गेले. डॉक्टरांनी विचारलं, आंघोळ कशी करता? आप्पा खुलले.
"बोअरच्या पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकतो. मंग फेसच फेस! माझी युक्ती हाय. साऱ्या गल्लीला सांगून राहिलो."
डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, रोग नाही. सोड्यानं कातडीचं स्वतःचं तेल निघून जातं, मग आतला ओलावा टिकत नाही. सोडा बंद, कढत पाणी बंद, साबण लागेल तिथंच. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच तेल. तळव्याला निजताना दाट मलम, वर फडकं.
येताना आप्पा झपाझप पुढं चालत होते. मी पदर तोंडात धरून हसू दाबलं. साऱ्या गल्लीची खाज आमच्याच दुकानातून पुडी बांधून गेलेली!

२८ जाने.
आप्पा रुसलेत.
"माझा सोडा वाईट न्हाई."
"चांगलाच आहे आप्पा, कढई लख्ख निघते. पण तुम्ही कढई आहात का?"
जरा जास्तच बोलले. सासूबाईंनी डोळे वटारले. आप्पा मिशीत हसले, तेव्हा जीव भांड्यात पडला.

१ फेब्रु.
शाळेतून येताना दुकानाशी थांबले. आप्पा गिऱ्हाइकाला आपणहून सांगत होते, "भांड्याला न्या, धुण्याला न्या, आंगाला नगं. माझंच चुकलं बाई."
किती जड गेलं असेल. ह्या माणसावर माझा फार जीव आहे. घरात असं कुठं बोलता येतं, म्हणून इथं.

५ फेब्रु.
तेलाची वाटी आता न्हाणीच्या कोनाड्यात. तांब्याचा आवाज थांबला की मी बाहेरून ओरडते, "आप्पा, पुसू नका, आधी तेल!" शेजारपाजार ऐकतो. ऐकू दे. पोटऱ्या सुधारल्या, उजवा तळवा मऊ. डावा... मलमाच्या डबीचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही.

७ फेब्रु.
शिवरात्र आली. त्या रात्री आप्पांची चारही प्रहर पूजा असते. हे जेवताना म्हणाले, "यंदा लिंग पाटावर ठेवून करा." आप्पा ताटावरून उठले.
"जित्तेपणी हातावरून खाली ठिवू का?"
मग कुणालाच जेवण गेलं नाही. ह्यांचंही चुकलं कुठं? काळजीनंच बोलले.

१० फेब्रु.
उद्या शिवरात्र. संध्याकाळची पूजा झाल्यावर आप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसले. डावा तळवा पुढं केला. पहिल्यांदाच जवळून पाहिला. भेग बरोबर लिंग बसतं तिथून गेलेली, आत विभूती भरलेली. ओल्या फडक्यानं हलकेच टिपून काढली, ओलसर असतानाच मलम लावलं, जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली. मान खाली घालूनच गाठ मारली.
"सकाळी धुऊन कोरडा करू, चिकट राहणार नाही," मी म्हटलं.
"आन् तरीबी सटकलं मंजे?"
"मी समोर बसते. तुमच्या हाताखाली ओंजळ धरून. चारही प्रहर."
ते माझ्या हातांकडं बघू लागले. खडूनं आणि भांड्यांच्या राखेनं माझेही तळवे उललेत, माझ्या ध्यानातच नव्हतं. आप्पांनी मलमाची डबी माझ्याकडं सरकवली.
"मंग आधी तुझे हात बघ, माय."