तिसरी काळी रेघ

१३ ऑक्टोबर, सोमवार

पोचलो एकदाचा! भंडाऱ्याहून बस, पुढे काळीपिवळी जीप, आणि शेवटी गोसीखुर्द धरणाच्या पाण्याकाठचं हे पुनर्वसनाचं गाव. जुनं गाव पाण्याखाली गेलं, नवं माझ्या पदरी आलं. ग्रामपंचायतीचे भोंगे सुधारायचे. नागपुरात चौदा वर्षं साउंडचं काम केल्यावर ही माझी बढती! पण खोली झकास आहे. खिडकीतून पाणी दिसतं. शेजारच्या शकुनबाई झिंग्यांची भाजी देऊन गेल्या. रविवारी बायको, चंदा, गुड्डीला घेऊन येईल. पोरगी सात वर्षांची, एवढं पाणी बघून वेडी होईल. तिच्यासाठी हे गाव सहन करीन.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

भोंग्यावर पुकारा करणारा सेवकराम, वय सत्तर, अक्कल सातची. मिक्सरची जाड पी-३८ असो, डेकची लाल-पांढरी असो की मोबाईलची बारीक, याच्या लेखी सगळ्या नुसत्या 'पिना'. बारीक पिनेवरच्या काळ्या रेघा मोजायला मी शिकवलं. एक रेघ म्हणजे मोनो. दोन म्हणजे डावा-उजवा कान वेगळा. तीन म्हणजे सोबत माइकसुद्धा. गृहस्थाने मान डोलावली आणि एक रेघवालीच बरी म्हणाला. कपाळ माझं!

एक वायर पंचायतीच्या खिडकीतून निघून खांबाखांबांवरून थेट पाण्यात जाते. खाली जुन्या गावाच्या देवळावर भोंगा आहे म्हणे. कोणी मेलं की सेवकराम मातीची वेळ आधी त्या वायरीवर सांगतो, मग इथे. तिथल्या गेलेल्या म्हाताऱ्यांना कळायला हवं ना, कोण येऊन राहिलं ते! आपलं तिकडे जाऊ द्याचं, तिकडचं इकडे नाही येऊ द्याचं, म्हणतो. मी हसून हसून मेलो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

त्या वायरीची पिन हिरवी पडली होती. फेकली. माझ्या जुन्या हेडफोनची तीन रेघांची पिन कापून जोडली आणि लॅपटॉपला खोचली. सेवकरामने माझा हात धरला. चक्क रडला. तीन रेघा नोको लावू बाबू, तीन रेघा नोको. म्हटलं, बाबा, तिसरी रेघ माइकची, तिकडचा आवाज इकडे आणणारी. आता तिकडे बोलणार कोण, मासे? रोहू की कटला?

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी लॅपटॉपवर रेकॉर्डिंगची हिरवी रेघ हलत होती. ओल असेल, म्हणून सोडून दिलं. सात वाजता भोंगे आपोआप बोलले. घोगरा म्हातारा आवाज, पुकाऱ्याची तीच चाल: शकुनबाईची माती, शुक्रवारी, दहा वाजता. शकुनबाई अंगण झाडत होत्या. झाडू तसाच हातात राहिला.

सेवकरामचेच उद्योग. त्याला चारचौघांत झापलं. तो एवढंच म्हणाला की आवाज त्याच्या बाचा आहे. जुन्या गावात बाच पुकारा करायचा.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

शकुनबाई सकाळी आठला उन्हात बसल्या होत्या, बसल्याबसल्याच गेल्या. डॉक्टर हार्ट म्हणाले. दहाला माती झाली.

योगायोग. वयही होतंच त्यांचं.

तरी पिन उपसून ठेवली. उद्या पवनीहून एका रेघेची आणीन. भीती वगैरे नाही. गावकऱ्यांची तोंडं बंद व्हावीत, एवढंच.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पिन टेबलावर आहे. माझ्या समोर. लॅपटॉप बंद. वायर पक्कडीने तोडली, दोन्ही टोकं दिसताहेत. आणि सातला भोंगे —

गुड्डी धनंजय. माती रविवारी, चार वाजता.

चंदाला फोन केला, येऊ नका म्हटलं. ती म्हणाली, येतो कशाचे, पोरीच्या अंगात पहाटेपासून ताप आहे.

सेवकरामचे पाय धरले. मी. तो म्हणाला, सुटलेला पुकारा परत घेता येत नाही. पण नाव चुकलं तर दुरुस्ती सांगता येते. नावाच्या जागी नाव द्यावं लागतं.

त्याने स्वतःचं देऊ केलं. चारचौघांत झापलं होतं मी त्या माणसाला. नाही म्हटलं. पोरगी माझी, चूकही माझी.

१९ ऑक्टोबर, रविवार

ताप एकशे चार. नागपूरला दवाखान्यात. डोळे उघडत नाही —

वायर जोडली. पवनीची दुकानं बंद होती. सेवकरामने दुपट्ट्याच्या गाठीतून पिन काढली. मी फेकलेलीच. घासून लख्ख केलेली. एक रेघ. फक्त तिकडे जाणारी. सत्तर वर्षांची अक्कल त्याची, सातची माझी.

साडेतीनला मीच बोललो. दुरुस्ती ऐका. गुड्डीची माती नाही. धनंजयची, तिच्या बापाची. वेळ तीच.

पावणेचार. चंदाचा फोन. ताप उतरला! पोरीने पाणी मागितलं! चंदा रडते आहे, मला विचारते आहे मी का रडतो —

पाणी ओट्याला लागलं आहे. पाऊस नाही, काही नाही. सेवकराम हात धरून बसला आहे, सोडत नाही —

गुड्डी फोनवर. विचारते, पप्पा, तुमच्याकडचं पाणी खरंच किती मोठं आहे. मी सांगतो आहे की बेटा, ते इथून दिसतं, अगदी खिडकीच्या —