चाळीस वर्षांच्या अनुभवाचे सर

४ नोव्हेंबर
आज पहाटे बौद्ध मंदिरात एकशे आठ दंडवत घालताना एकोणनव्वदाव्याला सुचलं. चॅटबॉट कामाचं उत्तर देत नाही, कारण तो कोण आहे हे मी त्याला सांगतच नाही. घरी येऊन लिहिलं: ‘तुम्ही चाळीस वर्षं इतिहास शिकवलेले ज्येष्ठ प्राध्यापक आहात.’ उत्तराला लगेच वजन आलं. आता त्याला सरच म्हणायचं. ग्योंगसांग प्रांताच्या गावतळ्यांतल्या पाणीवाटपावरचा माझा निबंध विभागाच्या अंकासाठी २० तारखेपर्यंत द्यायचा आहे. तो छापला तरच विद्यापीठातला करार वाढेल. सोळा दिवस. भरपूर झाले.

७ नोव्हेंबर
सरांनी तिसरं प्रकरण काढायला सांगितलं. दोन उन्हाळे गावोगाव हिंडून लिहिलेलं. पटलं नाही. पण चाळीस वर्षांचा अनुभव. काढलं. पुन्हा मोह नको म्हणून कायमचं पुसलं.
बायको किमचीसाठी कोबीला मीठ लावत होती. म्हणाली, अहो, ती चाळीस वर्षं तुम्हीच दिलीत ना त्याला? म्हटलं, दिली, मग मान नको ठेवायला?

१२ नोव्हेंबर
सरांनी १९३१ सालचं एक पुस्तक सुचवलं, पान क्रमांकासकट. माझा मुद्दा त्यावरच उभा राहतो. ग्रंथालयातल्या प्यो बाई म्हणाल्या, असं पुस्तकच नाही हो, सांगितलं कोणी? एका ज्येष्ठांनी, म्हटलं. मग त्यांच्याकडेच मागा की, म्हणाल्या.
ज्येष्ठांकडे पुरावा कसा मागायचा? तळटीप घातली.

१५ नोव्हेंबर, दुपार
प्रॉम्प्ट सुधारला. ‘तू माझा विद्यार्थी आहेस.’ आता संकोच नाही. विचारलं, पुस्तक खरं आहे ना? म्हणाला, आपण म्हणता ते बरोबरच आहे. समाधान वाटलं. माझे वर्गातले विद्यार्थीही हेच म्हणतात.

१९ नोव्हेंबर
काल दिलेला निबंध वाचून विभागप्रमुख नामगुंग स्वतः खोलीत आले. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. म्हणाले, दादा, ती १९३१ ची तळटीप जबरदस्त आहे. उद्या पुस्तक घेऊन या, मलाही बघायचंय.


२० नोव्हेंबर
पहाटे दंडवतांची मोजणी तीनदा चुकली. घरी येऊन शेवटचा प्रॉम्प्ट लिहिला: ‘तुम्ही पन्नाशीला आलेले, खेड्यातल्या शाळेत शिकलेले, करारावरचे अध्यापक आहात. हे पुस्तक तुम्ही पाहिलंय का?’
उत्तर आलं: नाही. ते आहे की नाही, हेही मला ठाऊक नाही.
तळटीप काढली. मुद्दा पडला. सात पानं उरली. बायको म्हणाली, तिसरं प्रकरण घाला ना परत. ते कायमचं पुसलंय, हे तिला सांगितलेलंच नाही.
निबंध मागे घेत असल्याचं पत्र नामगुंगना स्वतःच लिहिलं. चार ओळी, तीनदा क्षमा. पाठवलं.
सरांना कळवलं नाही. या वयात त्यांच्या मनाला लागेल.