तिसरं मत

मेसा, ॲरिझोना
३ मार्च १९९४

ती. आर्डिसताईस,
व्हर्लिनचा शि. सा. न. वि. वि.

लॉरेटाचा गुडघा इथल्या उन्हानं सुधारला, माझं पोट मात्र सुटलंय. तुम्ही तिकडची मंडळी अजून बर्फच उपसत असाल. म्हातारपणी तरी इकडे ये म्हटलं, तर तुला ते झोनिंग बोर्ड सोडवत नाही.

आता त्या बोर्डाचंच काम निघालंय. आमच्या गेलनला आपल्या जुन्या गोठ्यात ट्रॅक्टर-दुरुस्तीचं दुकान काढायचंय. जमीन शेतीची, म्हणून तुमची सशर्त परवानगी लागते. ती मिळाली नाही तर मिलवॉकीची नोकरी धरीन म्हणतो. मग शेत विकण्यावाचून गत्यंतर नाही. पाच जणांत तू एक आहेस. भाच्याचं तेवढं बघ.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा,
व्हर्लिन

हॉलबर्ग, विस्कॉन्सिन
१४ मार्च

चि. व्हर्लिनला,
अनेक आशीर्वाद. लॉरेटाच्या गुडघ्यालाही.

गेलनचा अर्ज पुकारला की मी खुर्चीवरून उठून मागच्या बाकावर बसणार, मत देणार नाही. तू म्हणशील, या गावात कोण कोणाचं नातलग नाही? पण मी त्याची सख्खी आत्या आहे.

उठणार आहे म्हणूनच बोलते. मन मोठं करायची मुभा बोर्डाला नाही. नियमात लिहिलंय तेवढंच बघायचं: शेजाऱ्याच्या पाण्याला धोका नको, रस्ता पेलला पाहिजे, आवाज मर्यादेत हवा. हे पुराव्यानं दाखवायचं काम अर्जदाराचं. लिओटा फ्रिशची विहीर गोठ्याच्या उताराला आहे. तेव्हा जळकं तेल कुठे जाणार ते दाखवणारा एखादा जाणता इंजिनिअर आण, असं मी गेलनला सांगितलं. तो हसला. म्हणाला, आत्या, इंजिनिअर कशाला, सगळं गाव येणार आहे माझ्या बाजूनं.

तब्येतीला जप, पोटालाही.
आर्डिस

हॉलबर्ग
११ एप्रिल

चि. व्हर्लिनला आशीर्वाद.

गाव खरंच आलं. कोणावर वेळ आली की बटाट्या-मांसाचं भांडं ओव्हनमधून काढायचं आणि ते घेऊन त्याच्यासाठी शब्द टाकायला जायचं, ही आपली रीत तुला ठाऊकच आहे. सुनावणीच्या टेबलावर कागद ठेवायला जागा उरली नाही. एकेक जण उठून बोलला. गेलननं ऐन कापणीत आमचं यंत्र चालू करून दिलं, गेलन कधी कोणाला लुबाडत नाही, गेलन थेट आजोबांवर गेलाय. मागे बसून मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. पण तेल कुठे जाणार, यावर एकानंही तोंड उघडलं नाही.

विरोधात लिओटा एकटीच. तिनं उतार मोजून घेतलेला नकाशा त्या भांड्यांमध्ये जागा करून ठेवला. मुलगा गुणी आहे, हे तिनंही मान्य केलं.

मग अध्यक्ष ऑरिननं तोडगा काढला, की गेलन दुकान चालवेल तोवरच परवानगी देऊ. काउंटीच्या वकीलबाई म्हणाल्या, परवानगी जमिनीला मिळते, माणसाला नाही. उद्या शेत विकलं तर घेणाऱ्यालाही ती लागू. दुसऱ्या एकानं सुचवलं, चर्चच्या आवारातला बर्फ त्यानं फुकट काढावा अशी अट घाला. बाई म्हणाल्या, अट जमिनीच्या वापराशी निगडित हवी, पुण्याईशी नव्हे. सगळे हसले, गेलनसुद्धा.

दोन विरुद्ध दोन. बरोबरी म्हणजे नामंजूर. वर्षानं पुन्हा अर्ज करता येतो, असं मी त्याला म्हटलं, पण त्याचं लक्ष नव्हतं.

रागावशील, हे ठाऊक आहे.
आर्डिस

मेसा
२२ एप्रिल

ती. ताईस सा. न.

रागावलो होतो. शेताचा सौदा ठरला. गेलन मिलवॉकीला गेला. लॉरेटा दोन दिवस धड बोलली नाही, आणि मी तुला मनातल्या मनात बरंच काही बोललो.

पण काल गेलनचा फोन आला. म्हणाला, आत्या खुर्चीवर असती तर तिसरं मत माझंच होतं, तिचे हात बांधलेले होते. ते ऐकून जीव जरा थाऱ्यावर आला. नियम तुझे असोत, मनानं तू आमच्या बाजूला होतीस. मला तेवढं पुरे.

माझं मन आता साफ आहे, तूही काही ठेवू नकोस.
व्हर्लिन

हॉलबर्ग
३० एप्रिल

चि. व्हर्लिनला आशीर्वाद.

तुझं पत्र कपाटात ठेवून गप्प बसले असते तर आपल्या दोघांनाही सोपं गेलं असतं.

मी खुर्चीवर असते तर विरोधात हात वर केला असता. गेलन माझ्या मांडीवर वाढलाय. तो एक थेंब तेल जमिनीत ओतणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण मला ठाऊक असणं हा पुरावा नव्हे, आणि त्याच्यानंतर त्या गोठ्यात कोण येईल ते मला ठाऊक नाही. लिओटाला तर तेच पाणी प्यायचंय.

निघण्याआधी गेलन निरोप घ्यायला आला होता. त्यानं सरळ विचारलं, मी सरळ सांगितलं. ताट वाढलेलं होतं, तो जेवला नाही. टोपी घालून मागच्या दारानं गेला. मला फार लागलं ते, अजून लागतंय.

म्हणजे तुला फोन केला तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. आपल्या बहीण-भावात तुटू नये म्हणून पोरगं माझ्यासाठी खोटं बोललं. त्या खोट्यावर तुझी माया घेणं मला जमणार नाही.

लोभ ठेवायचा की नाही, ते आता तू ठरव.

आर्डिस